खालचा दोरा

आक्काच्या दुकानात कचऱ्याचा डबा नव्हता. डबे पुष्कळ होते, पण एकात बटणं होती, एकात हूक, एकात उसवून काढलेल्या चेन, आणि मशीनच्या उजव्या हाताला बिस्किटांचा जो मोठा पत्र्याचा डबा होता, त्यात दोरा. रिळाच्या तळाशी उरलेला, बॉबिनवर राहिलेला, कपडा उसवताना निघालेला, झाडताना सापडलेला. गिऱ्हाइकाच्या बाहीला एखादा धागा लोंबताना दिसला, तर बोलता बोलता आक्का तो चिमटीत धरून काढायची. गिऱ्हाइकाला वाटायचं, काय माया आहे बाईची! धागा डब्यात जायचा.

दुकान कपडे दुरुस्तीचं. पँट आखूड कर, कंबर सैल कर, चेन बदल, फाटलं ते जोड. माणसं जाड व्हायची तेव्हा आक्काकडे यायची आणि बारीक व्हायची तेव्हाही आक्काकडेच यायची, त्यामुळे धंद्याला मरण नव्हतं. पुढे कपडे ठेवायची लाकडी फळी, तिच्यामागे पायाचं मशीन, भिंतीवर रिळांची चौकट, आणि त्याच्यामागे पडदा. पडद्यापलीकडे आक्काचा सगळा संसार: पलंग, शेगडी, आणि कोणी बसत नसल्यामुळे नवीकोरी राहिलेली एक खुर्ची. लग्न तिने केलं नव्हतं. कोणी खोदून विचारलंच तर म्हणायची, "मापं सगळ्यांची घेतली हो, बेतात कोणी बसलंच नाही."

दोऱ्याच्या बाबतीत मात्र तिची शाळा कडक होती. हातात काम नसलं की ती डबा मांडीवर घ्यायची आणि एकेका दोऱ्याची परीक्षा घ्यायची. जुना दोरा दिसायला नव्यासारखाच असतो, पण आतून कुजलेला असू शकतो, आणि अशा दोऱ्याने शिवलेली पँट नेमकी चारचौघांत खाली वाकताना दगा देते. म्हणून वीतभर दोरा दोन्ही मुठींना गुंडाळायचा, कानाजवळ धरायचा आणि हिसका द्यायचा. चांगला दोरा टणकन वाजतो आणि बोटाला काचतो. कुजलेला मुकाट्याने सुटतो.

वाजला तो पहिल्या इयत्तेत. तो बॉबिनवर गुंडाळून ठेवायचा, शिवणीच्या आतल्या बाजूला वापरायला. मुकाट्याने सुटला तो दुसऱ्या इयत्तेत, कच्चे टाके घालायला. कच्चे टाके नंतर काढायचेच असतात, तिथे तुटणं हाच दोऱ्याचा गुण. बोटाएवढे तुकडे तिसऱ्या इयत्तेत, टाचण्यांच्या गादीत भरायला. आणि ज्याला काहीच येत नाही असा गुंता चौथीत, मशीनचं तेल पुसायला. आक्काच्या शाळेत नापास कोणी होत नसे.

आता मशीनची शिवण म्हणजे दोन दोऱ्यांचा संसार. वरचा सुईतून येतो आणि जगाला दिसतो. खालचा बॉबिनमधून येतो आणि कपड्याच्या आत राहतो. वरचा दोरा आक्का कापडाशी असा जुळवायची की दुरुस्ती कुठे झालीय ते शोधावं लागायचं. खाली मात्र जी बॉबिन हाताला लागेल ती. पांढरी संपली की पिवळी, पिवळी संपली की जांभळी, एकाच टिपेत. शेजारच्या शिक्षकांची काळी पँट बाहेरून शोकसभेला शोभेल अशी होती. आतून तिच्यात जत्रा भरली होती. शिक्षकांना पत्ताही नव्हता.

"आतून कोण बघतंय?" हे आक्काचं ठरलेलं वाक्य.

बघणारी एक होती. तिची धाकटी बहीण.

दुकान मुळात दोघींच्या वडिलांचं. वडील कंजूष होते आणि काटेकोरही होते, अशी जोडी एका माणसात क्वचितच सापडते. उरलेल्या बॉबिनी ते संपवायचेच, पण खिशाच्या पिशवीत, अस्तराच्या पोटात, जिथे देवाचीसुद्धा नजर जाणार नाही अशा जागी. आणि कपडा झाला की आधी उलटा करून बघायचे. "सुलटा काय, कोणीही बघतो," म्हणायचे. ते गेल्यावर दुकान दोघींनी एकत्रच ठेवलं, पण बापाला मात्र वाटून घेतलं. बॉबिनी संपवणं आक्काकडे आलं, कपडा उलटा करणं धाकटीकडे. समोरासमोर दोन मशिनं, आणि त्यांच्यामध्ये दिवसभर हीच हुज्जत. धाकटी उलटी बाही नाचवून म्हणायची, "ही शिवण आहे की भांडण?" आक्का म्हणायची, "घालणाऱ्याला टोचत नाही ना? मग तुला का टोचतं?" पण संध्याकाळी दोघी एकाच ताटात जेवत. तोवर ती हुज्जत म्हणजे घरातलं घड्याळ होतं, वाजायचं आणि चालायचं.

मग तो कोट आला. बँकेतल्या बाईंचा, सायीच्या रंगाचा, हलका आणि बिनअस्तराचा. कापला धाकटीने, टिपा मारल्या आक्काने. धाकटीचा नवरा नुकताच वारला होता. ती दुकानात यायची, बसायची, पण तिचं लक्ष कुठे ठिकाणावर असणार! कोट उलटा करून न बघताच गेला. बँकेतल्या बाईंनी ऑफिसात पोचल्यावर तो काढला आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला, आणि नेमका उलटा टाकला. दुपारपर्यंत सगळं ऑफिस येऊन बघून गेलं. लाल, हिरवा, जांभळा, मग पुन्हा लाल.

दुसऱ्या दिवशी बाईंनी कोट फळीवर आपटला. "हा कोट आहे की मुलांनी रंगवलेली भिंत?"

धाकटीने माफी मागितली, कोट पुरता उसवला आणि सायीच्या रंगाच्या नव्या दोऱ्याने परत शिवून दिला. बाई गेल्यावर मात्र ती आक्काकडे वळली.

"बाबा असते तर त्यांनी हा उलटा करून बघितला असता."

"बाबा असते तर त्यांनीही बॉबिनी संपवल्या असत्या."

"असं संपवत नव्हते ते."

दोघींचंही खरं होतं, आणि दोघींचं खरं असलं की भांडण मिटत नाही. शब्दाने शब्द वाढला. धाकटी म्हणाली, तुझी नजरच उष्ट्याची. त्यावर आक्का जे बोलली ते तिने बोलायला नको होतं.

"तुला सगळं नवं नवं लागतं. म्हणून तुझ्याकडे काही टिकत नाही."

तिच्या मनात दोरा होता. निदान तोंड उघडलं तेव्हा तरी दोराच होता. पण घरातलं माणूस जाऊन थोडे दिवस झालेले, आणि ते वाक्य कुठे जाऊन बसलं ते आक्काने धाकटीच्या चेहऱ्यावर पाहिलं. कापडाची शिवण चुकली तर उसवता येते. असलं वाक्य उसवायचं कसं, ते आक्काला वडिलांनी शिकवलं नव्हतं.

"यापुढे तुझ्या मशीनचा दोरा माझ्या अंगाला लागायचा नाही," धाकटी म्हणाली.

"आणि तुझा माझ्या मशीनवर चढायचा नाही," आक्का म्हणाली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो दोघींना सारखाच मिळाला होता.

धाकटीने आपलं मशीन उचललं आणि रस्त्याच्या पलीकडे, बरोब्बर समोर, दुकान टाकलं. लांब जायला तिला काय झालं होतं? पण लांब गेली तर आक्काला दिसलं नसतं की तिच्यावाचून आपलं किती छान चाललंय. आणि खरंच छान चाललं. बायकांचे झगे, ब्लाउज, तलम कापडं. आतून बाहेरून सारखीच देखणी शिवण. मुलगा वाढला, शिकला, दूरच्या शहरात नोकरीला लागला. तो अधूनमधून रस्ता ओलांडून यायचा, "मावशी, कशी आहेस?" विचारायचा, आणि आईचा विषय काढायचा नाही. आक्काही काढायची नाही.

दोन्ही दुकानं झाडायला एकच बाई होती. तिला सगळे घंटी म्हणत, कारण ती दिसायच्या आधी ऐकू यायची. समोरचं दुकान झाडून, हातात तिथल्या कचऱ्याची पिशवी घेऊन, ती आक्काकडे यायची. धाकटी वेगळी झाल्यावर थोड्याच दिवसांत आक्काची नजर त्या पिशवीच्या तोंडाकडे गेली.

"हे काय आहे?"

"कचरा. समोरचा."

"दोरा आहे हा."

"बॉबिनवर उरतो तो सोलून टाकतात हो त्या. प्रत्येक कपड्याला नवी बॉबिन भरतात," घंटी म्हणाली.

चांगला, लांब, टणकन वाजणारा दोरा, आणि कचऱ्यात! तिने पिशवी उलटी केली, दोऱ्याचा पुंजका काढून घेतला आणि घंटीला दम भरला, "रोज इथे आणायचा. आणि तिकडे तोंडातून एक शब्द काढायचा नाही." शपथेचं काय, हा प्रश्न तिला पडला नाही असं नाही. पण कचऱ्यात गेला तो काही कोणाचा दोरा नव्हे, असा निवाडा तिने स्वतःच दिला आणि स्वतःच मान्य केला.

तेव्हापासून आक्काच्या मशीनवर खाली धाकटीचा दोरा चढू लागला. शिक्षकांच्या पँटीत, टपालवाल्याच्या गणवेशात, कोणाच्या कोणाच्या कमरेत आणि काखेत, वर आक्काचा दोरा आणि खाली धाकटीचा. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण शिवण एकत्रच चालली होती.

पुढे एकदा आक्का तापाने आडवी झाली. दुकान काही दिवस बंद राहिलं. उठून बसली आणि घंटीने पिशवी आणून दिली, तेव्हा आक्काला काहीतरी वेगळं वाटलं. आधी दोऱ्यात धूळ, केस, कापडाचे तुकडे असा सगळा गुंता असायचा. उलगडता उलगडता मान मोडून यायची. आता दोरा स्वच्छ होता. काही दिवसांनी तर तो बटणांच्या रिकाम्या पुठ्ठ्यांवर गुंडाळलेला यायला लागला, अगदी ओळीला ओळ लावून.

"कचऱ्यात टाकायचा दोरा कोणी गुंडाळून टाकतं का?" आक्काने विचारलं.

"मला काय माहीत बाई," घंटी म्हणाली, आणि प्रथमच तिचा आवाज लहान होता.

"नवी कारागीर ठेवली असेल. काम नसेल तिला, बसल्या बसल्या गुंडाळत असेल."

"असेल."

बिचाऱ्या घंटीची अवस्था कठीण होती. इकडून दम होता की मी घेते हे तिकडे सांगायचं नाही. तिकडून दम होता की मी मुद्दाम पाठवते हे इकडे सांगायचं नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंचं गुपित पोटात, आणि तोंड तर देवाने बोलण्यासाठीच दिलेलं; आक्का तापात असताना ते तिकडे एकदा उघडलं होतंच. झाडण्यापेक्षा हे काम फार जड होतं, आणि त्याचा पगारही नव्हता.

मग पुठ्ठ्यांबरोबर बॉबिनी यायला लागल्या. स्टीलच्या, गच्च भरलेल्या. "उधळी! भिकेला लागेल एक दिवस," असं म्हणत आक्का त्या पुसून डब्यात ठेवायची. आणि एके दिवशी पिशवीतून निघाला जाड, पिवळट तपकिरी दोरा. जीन्सच्या पँटीला लागतो तो.

आक्का तो हातात घेऊन बसली. जीन्सच्या पँटी तिच्याकडे ढिगाने यायच्या. धाकटीच्या दुकानात जीन्स उंबरठ्याच्या आतही येत नसे. तलम कापडाच्या मशीनवर असला दोरखंड चढवला तर सुईच मोडेल. हा दोरा तिकडे उरणं शक्यच नव्हतं. उरायला आधी वापरावा लागतो.

म्हणजे तो विकत आणला होता. विकत आणून, बॉबिनवर भरून, मग कचऱ्यात टाकला होता.

दुसरी एखादी असती तर उठून रस्ता ओलांडून गेली असती. आक्का उठली, दारापर्यंत गेली, समोर काचेआड बसलेल्या धाकटीची खाली वाकलेली मान पाहिली, आणि परत येऊन मशीनवर बसली. गेल्यावर म्हणायचं काय? तिच्या मनात त्या एका वाक्याशिवाय दुसरं काही येईना, आणि ते वाक्य पुन्हा उच्चारल्याशिवाय त्याची माफी कशी मागायची, हेही कळेना. तिने तो जाड दोरा डब्यात ठेवला. फक्त त्या दिवसापासून समोरून आलेला दोरा तिने कानाशी धरून तोडून पाहिला नाही.

अशी वर्षं गेली आणि आक्काचे डोळे अधू झाले. सगळं जग चहाच्या गाळण्यातून बघावं तसं झालं. पांढरं पिवळट, आणि निळं, काळं, तपकिरी सगळं एकाच मापाचं काळपट. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू आहे, काढून टाकू. आक्का म्हणाली, बघू. रंग न दिसणाऱ्या बाईकडे पँट कोण देणार? म्हणून तिने ही गोष्ट कोणाला कळू दिली नाही. चौकटीतली रिळं जागेवरून ओळखायची: वरच्या ओळीत कोपऱ्यात काळं, त्याच्या शेजारी निळं, असं. शंका आलीच तर रीळ गिऱ्हाइकाच्या कापडावर धरून गोड आवाजात विचारायचं, "बघा, पसंत?" गिऱ्हाईक खूश व्हायचं. इतकं अदबीने आजकाल कोण विचारतं! नसेल जुळत तर तेच सांगायचं, "जरा गडद हवा होता." आक्काची झाकली मूठ झाकलेलीच राहिली.

आणि मग एका सकाळी घंटी आली ती पिशवीशिवाय.

"समोरचं दुकान बंद होतंय," ती म्हणाली. "मुलगा न्यायला आलाय. तिकडेच राहणार म्हणे, कायमच्या."

आक्काचा पाय मशीनवर चालतच राहिला. "बरं झालं. म्हातारपणी मुलाजवळ असावं."

"तुम्ही भेटणार नाही?"

"मला काय काम तिच्याशी?"

घंटी निघून गेल्यावर आक्काच्या लक्षात आलं की सुईखाली कापडच नव्हतं. इतका वेळ ती नुसतंच मशीन चालवत होती.

तिला हवं तरी काय होतं? फार नाही. जाण्याआधी धाकटीने एकदा "आक्का" म्हणून हाक मारावी, एवढंच. लहानपणापासून ती हाक तिच्याच तोंडची. तिच्यामुळेच तर सगळा रस्ता आक्का म्हणायला लागला. रस्ता अजून म्हणत होता, आणि जिने शिकवलं तीच म्हणत नव्हती. ही हाक न ऐकता धाकटी गेली तर आता ती कधीच ऐकू येणार नाही, हे आक्काला स्वच्छ कळत होतं. आणि स्वतः रस्ता ओलांडणं तिच्याच्याने होत नव्हतं, हेही तिला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी समोर टेम्पो लागला. मापाचा आरसा गेला, कपाटं गेली, मग वडिलांच्या हातचं ते दुसरं मशीन. कोणी विकत घेतलं कोण जाणे. आक्का एक पडदा शिवायला घेऊन बसली होती. सकाळपासून तिने तो शिवला होता आणि उसवला होता. टेम्पो गेला. भाचा सकाळीच येऊन निरोप घेऊन गेला होता. आता नुसती मोटार उरली होती.

धाकटीने रस्ता ओलांडला तेव्हा आक्काने मान वर केली नाही. फळीवर एक कोट ठेवल्याचा आवाज आला.

"बाहीची दुमड सुटलीय," धाकटी म्हणाली. कोणाला म्हणाली ते फळीलाच माहीत.

"कधी हवाय?" आक्काने विचारलं. जन्मभर गिऱ्हाइकांना विचारायचं तेच तिच्या तोंडात आलं.

"आत्ताच. निघायचंय. माझं मशीन गेलं."

आक्काने कोट उचलला. गडद आहे एवढं दिसलं. दुमड खरंच सुटली होती, पण कशी सुटली ते बोटांनी ताडलं: दोरा झिजून तुटला नव्हता, कात्रीने कापला होता. ती उठून पडद्यामागे गेली आणि ती नवीकोरी खुर्ची घेऊन आली.

"बस."

धाकटी बसली. मग पर्समधून तिने एक बॉबिन काढली. "रिळं सगळी देऊन टाकली. हा निळा उरलाय, तो वर लाव. थांब, मीच ओवते." आणि परवानगी न विचारता तिने बॉबिन मशीनच्या वरच्या खिळ्यावर बसवली आणि एका झटक्यात सुईत दोरा ओवला. दुसऱ्या कोणी तिच्या मशीनला हात लावला असता तर आक्काने तो मोडला असता. आज तिने सरकून जागा करून दिली.

"हा जेमतेम वरच्यापुरता आहे," धाकटी म्हणाली. तिने दोऱ्याच्या डब्याकडे पाहिलं, तिनेच पाठवलेल्या बॉबिनींकडे. "खाली कुठलाही चालेल."

आक्काला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. सायीच्या रंगाच्या कोटापासून जे ऐकायचं राहिलं होतं, ते हेच की. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं तिला मुळीच वाटलं नाही. उलट तिची तिलाच लाज वाटली.

तिने पायाने दोऱ्याचा डबा बाजूला सारला. मशीनचा सगळ्यात खालचा खण ओढला. तिथे कागदात गुंडाळलेली काही रिळं होती, कधीतरी हौसेने घेतलेली आणि जीव होत नाही म्हणून कधीच न फोडलेली. एकामागून एक तिने ती दाराच्या उजेडात धरली, त्यातलं एक निवडलं, त्याचा कागद फाडला आणि कोरी बॉबिन घेऊन तिच्यावर काठोकाठ दोरा भरला. एका बाहीच्या दुमडीला इतका दोरा लागत नाही, हे दोघींनाही माहीत होतं.

"कशाला नवं फोडलंस?" धाकटी म्हणाली.

"तुला नवं लागतं ना," आक्का म्हणाली. तेच शब्द होते, पण या खेपेला ती ते जपून म्हणाली. रीळ कोटावर धरून तिने घाईघाईने विचारलं, "बघ, पसंत?"

धाकटीने रिळाकडे पाहिलं. मग आक्काच्या डोळ्यांकडे पाहिलं.

"पसंत," ती म्हणाली.

आक्काने दुमड शिवली. हात आपोआप चालत होते. टीप सरळ पडली, टोकाला दोन टाके मागे घेऊन गाठ पक्की केली. धाकटीने कोट घेतला. आणि ज्या बाईने तो सायीच्या रंगाचा कोट सोडला तर आयुष्यात एकही कपडा उलटा करून पाहिल्याशिवाय हातावेगळा केला नव्हता, तिने बाही न उलटवता कोट अंगात घातला.

बाहेर मोटारीचा भोंगा वाजला. धाकटी दारापाशी गेली आणि थांबली.

"डोळ्यांचं करून घे, आक्का."

हाक आली ती अशी. आक्काला तयारीच करता आली नाही. "डोळ्यांना काय धाड भरलीय माझ्या?" ती फणकारली.

"काही नाही," धाकटी म्हणाली. "तरी करून घे." आणि रस्ता ओलांडून ती मोटारीत बसली.

संध्याकाळी घंटी नेहमीसारखी आली. समोर झाडायला काही नव्हतं, म्हणून जरा लवकरच. मशीनखालून झाडू फिरवताना तिची नजर खिळ्याशेजारच्या रिळावर पडली.

"हे नवं फोडलंत? तुम्ही? आणि तपकिरी कशाला काढलंत, काळ्या-निळ्याची तर सारखी कामं येतात."

"निळंच आहे ते."

"हे? आक्का, माझी चप्पल आणि हे रीळ शेजारी ठेवलं तर ओळखू येणार नाही."

आक्काने रीळ तिच्या हातातून घेतलं आणि दारात नेलं. उजेडात वळवून वळवून पाहिलं. तिला ते निळंच वाटत होतं.

"तिने बघितलं होतं," ती हळूच म्हणाली. "मी कोटावर धरून दाखवलं. पसंत म्हणाली."

घंटीला सगळं कळलं. तिने आक्काचंच वाक्य तिला दिलं. "जाऊ द्या हो. खालचाच दोरा ना? आतून कोण बघतंय?"

"ती बघते," आक्का म्हणाली, आणि फळीवर कोपरं टेकून रडायला लागली, दुकान उघडं असताना, पँट न्यायला आलेले शिक्षक समोर उभे असताना.